नेटाने केलेला आराम

दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याचा जीव नकोसा करणारी माणसं पुष्कळ असतात, पण माझ्या रूम पार्टनरची सर त्यातल्या एकालाही यायची नाही. आम्ही दोघी जळगावला फार्मसी शिकत होतो. ती धुळ्याजवळच्या एका खेड्यातली, मी बोदवडची. सुरुवातीला ती अभ्यास करत नसे, अभ्यासाशी भांडत असे. आरशावर औषधांची नावं चिकटवलेली, त्यामुळे तिला स्वतःचं तोंड दिसत नसे आणि मला माझं. मेसमध्ये वाचता वाचता एकदा तिने पोळीऐवजी हायलायटर वरणात बुडवला, आणि मी हात धरला तर माझ्यावरच चिडली. वर्गात पहिली यायची, आणि निकाल लागला की पुढच्या परीक्षेच्या काळजीने त्याच संध्याकाळी रडायची. अभिनंदन करायलासुद्धा सवड देत नसे.

तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिला जरा धीर यावा म्हणून आधी गाव विचारलं. तिला ते आठवेना. बराच वेळ पंख्याकडे बघून तिने विचारलं, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?" मागे आम्ही सगळ्या हसलो. ती हसली नाही. खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून निजली ती दुसऱ्या दिवशीही उठेना, जेवेना. मी घाबरून तिच्या घरी फोन केला. तिचे वडील, नाना, मिळेल त्या एसटीने आले. पलंगाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "घर चाल पोरी. परीक्षा काय पळी जात नही." पेपर तसेच टाकून ती गेली. तिची बॅग मीच भरली.

डॉक्टरांनी तिला झोप, मोकळी हवा आणि मनाला आवडेल ते करायला सांगितलं होतं. सुट्टीनंतर परतलेल्या या बाईने ते औषधाच्या मात्रेसारखं सुरू केलं, आणि दुसरा रुग्ण म्हणून मला धरलं. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला न्यायची आणि वाटभर माझ्या चुका काढायची. "तू मोकळी चालत नाहीयेस. खांदे सैल सोड." पेटी शिकायला लागली, एकच ओळ, तीही अर्धी. मी वाचत बसले की मोबाइलचा गजर वाजायचा आणि ती समोर येऊन मांडी घालायची.

"गप्पांची वेळ झाली. बोल."

"उद्या माझी टेस्ट आहे."

"म्हणूनच म्हणतेय. बोल."

एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई गं, तू आरामाचीही परीक्षाच देतेयस. आणि त्यातसुद्धा तुला पहिलंच यायचंय."

ती वाद घालेल म्हणून मी तयारीत होते. पण ती हळूच म्हणाली, "मग कसं करतात? मला खरंच येत नाही."

मलाही येत नव्हतं. तसं सांगवेना, म्हणून तिला खाली चहाला घेऊन गेले. एका चहाचे दोन झाले. ती तिच्या मावशीच्या लग्नात नवरदेवाची वरात चुकून भलत्याच मांडवात कशी शिरली ते सांगत होती, मी हसत होते. टपरीवाल्याने बाकडं उचलायला घेतलं तेव्हा कुठे आम्ही उठलो. त्या दिवशी तिने माझी एकही चूक काढली नाही.

राहिलेले पेपर तिने पुढे दिले, आणि सेकंड क्लास मिळाल्याबद्दल अख्ख्या हॉस्टेलला पेढे वाटले. नानांना फोन लावला तर त्यांनी आधी नंबरच विचारला, "पहिली उनी का?"

"नही नाना, पास व्हयनू."

मग नाना म्हणाले, "बरं व्हयनं," आणि ही पेढ्याचा खोका मांडीवर घेऊन रडायला लागली. हे रडणं वेगळं होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही.

आता ती धुळ्याला नोकरी करते. मी पुढचं शिकतेय, खोलीत एकटीच असते. कोणी छळत नाही, अभ्यास भरपूर होतो. फक्त संध्याकाळी पुस्तकातून मान वर केली, की ती परत खाली घालायला जरा वेळ लागतो.