शॉवरमधून वर आलेलं पाणी

नवऱ्याची आखातातली नोकरी गेली आणि अल मजाज भागातला फ्लॅट सोडावा लागला. चांगल्या दिवसांत आम्ही एक जुनी कॅरॅव्हान घेतली होती. सुट्टीला ती गाडीमागे जोडून खोर फक्कानच्या समुद्रावर जायचो. आता तिच्यातच राहायचं ठरलं. ओळखीच्या एका गृहस्थांचं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीत गोदाम होतं. त्यांनी मागच्या आवारात जागा दिली.

"थंडीत एसीशिवाय निभेल," नवरा म्हणाला. "तोवर मिळेल काहीतरी."

मुलीने विचारलं, "इज इट लाइक कॅम्पिंग?" मी हो म्हटलं.

उन्हाळाभर उन्हात तापून आतले प्लास्टिकचे पाइप ठिसूळ झाले होते, हे राहायला गेल्यावर कळलं. आधी सिंकखालचा जॉइंट सुटला आणि गाद्या भिजल्या. नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून टेप गुंडाळली, तर पाणी टेपच्या पुढून झिरपायला लागलं. नळ बंद असतानाही पाण्याचा पंप घरघरला, की कुठेतरी गळतंय हे समजायचं. तो आवाज आला की आम्ही तिघंही बोलता बोलता थांबायचो. नवरा गुडघ्यांवर बसून हाताने पाइप चाचपत जायचा. सकाळी इंटरव्ह्यूला म्हणून इस्त्री केलेला शर्ट त्याच्या अंगावर तसाच असायचा.

मग पाऊस आला. तिथे पाऊस पडतो थोडाच, पण पाण्याला जायला वाट नसते. आवाराचं तळं झालं. कॅरॅव्हानचं एक चाक वाळूत रुतलं आणि ती एका अंगाला कलली. टॉयलेट आणि शॉवरचं पाणी एकाच टाकीत जायचं, ती भरत आली होती. ती उपसायला टँकर यायचा. त्या दिवशी ड्रायव्हर फाटकातच थांबला.

"मॅडम, अंदर गाडी फँस जाएगी. पानी उतरने दो."

मी खूप विनवलं. तो वाईट माणूस नव्हता. पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत त्याने टँकर मागे घेतला.

दुपारी मुलीची हाक आली. शॉवरच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. टाकीतलं. बघता बघता ते उंबरठा ओलांडून कपाटाखाली गेलं, जिथे तिचा युनिफॉर्म आणि दप्तर होतं.

"आय अ‍ॅम नॉट गोइंग बॅक इन देअर, आई," ती बाहेर पाण्यात उभी राहून म्हणाली.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडून घाण निदान बाहेर तरी सोडावी म्हणून नवरा चिखलात आडवा होऊन कॅरॅव्हानखाली शिरला. मला फक्त त्याचे पाय दिसत होते. काहीतरी कडकन मोडलं. तो सरपटत बाहेर आला, तेव्हा व्हॉल्व्हचा दांडा तुटून त्याच्या हातात आला होता.

"खलास," तो म्हणाला, आणि पायरीवर बसून राहिला.

मी पिण्याच्या पाण्याची बाटली त्याच्या हातांवर ओतली. त्याने हात पुढे धरले होते, पण चोळत नव्हता. शेवटी मीच चोळले.

पुढे टँकर आला, टाकी उपसली गेली. आम्ही फरशी डेटॉलने पुसली, गाद्या टाकून दिल्या. वास मात्र लाकडात मुरला होता. आम्ही आंघोळीला गोदामाच्या बाथरूममध्ये जायला लागलो. पण कपडे कॅरॅव्हानमध्येच होते.

एकदा आम्ही शाळेतून गाडीने परत येत होतो. मुलीने विचारलं, "आई, डू आय स्मेल?"

"नाही गं," मी म्हटलं. "कोण म्हणालं?"

"नोबडी. दे जस्ट मूव्ह्ड देअर चेअर्स."

नवरा गाडी चालवत होता. कॅरॅव्हानपाशी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"तुम्ही दोघी पुण्याला जा," तो म्हणाला. "मला काही मिळालं की बोलावतो."

मी वाद घालायला हवा होता असं नंतर कितीदा वाटलं. त्या वेळी अंगात तेवढं त्राण नव्हतं.

आता आम्ही पुण्यात माझ्या भावाकडे राहतो. मुलगी शाळेत मराठी बोलायला लाजते आणि मधल्या सुट्टीत एकटी बसते. कॅरॅव्हानला गिऱ्हाईक मिळालं नाही. नवरा तिकडेच दुसऱ्या माणसांबरोबर एका खोलीत पलंगापुरती जागा भाड्याने घेऊन राहतो. शुक्रवारी व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा फोन तोंडाच्या अगदी जवळ धरतो, म्हणजे मागची खोली दिसत नाही. दाखव, असं मी म्हणत नाही.