एक्स्चेंजमध्ये नाव

बी.ए.चा निकाल लागला आणि मी लगोलग एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून आले. त्या काळी सगळेच घालत. सरकारी जागा निघाली की ते खातं एक्स्चेंजला कळवणार, एक्स्चेंज आपल्याकडची नावं पाठवणार आणि मग घरी ‘कॉल’ येणार, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं. तो येईपर्यंत उमेदवाराने काय करायचं, याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. मी एकदा खिडकीवर जाऊन विचारलं, “माझा कॉल आलाय का?” पलीकडच्या गृहस्थांनी मान वरही न करता सांगितलं, “आला की पोस्टमन सांगेल. आम्ही घरोघर फिरत नाही.” मला राग आला. पण उत्तर चोख होतं, त्यामुळे जरा आवडलंही.

नोकरी मला हौसेसाठी नको होती. वडील शाळेत शिक्षक, पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. धाकटा भाऊ नुकताच पॉलिटेक्निकला लागला होता. घरातला पगार थांबला तर त्याला शिक्षण सोडून मिळेल ते काम धरावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नसे. तो जेवण झाल्यावर कसल्याशा पंपाचं ड्रॉइंग काढत बसायचा आणि मला ते बघवत नसे.

आता आमच्या आत्याबद्दल. ती पलीकडच्या गल्लीत राहायची आणि शब्द फार जपून वापरायची. भाजी घेताना कुणीतरी तिला विचारलं, “भाची काय करते हल्ली?” आत्या म्हणाली, “एक्स्चेंजमध्ये नाव आहे तिचं.”

यात खोटं काहीच नव्हतं. पण आमच्या नारायण पेठेत एक्स्चेंज म्हटलं की लोकांना टेलिफोनचंच आठवे. आणि मराठीत नाव नोंदवलेलं असलं तरी ‘नाव आहे’, आणि नावलौकिक असला तरी ‘नाव आहे’. भाजीची पिशवी घरी पोचेपर्यंत मी टेलिफोन खात्यातली वजनदार बाई झाले होते.

मला पत्ता लागला तो आमच्या खालच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदारांमुळे. कालपर्यंत “ए, जिन्यात सायकल लावू नकोस” म्हणणारा हा माणूस एका सकाळी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, आपण जरा आत येता का?” मला वाटलं, कुणीतरी गेलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला आणि हळू आवाजात सांगितलं, “टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षं झाली हो. आपण तिथे आहात, तर आमचं नाव थोडं वर सरकवा.”

“काका, मी तिथे नाही. माझंच नाव वर सरकत नाहीये.”

ते समजूतदारपणे हसले. “बरोबर आहे. आपल्याला तसंच सांगावं लागत असणार.”

संध्याकाळी वडील स्वतः खाली गेले. खोटेपणाची त्यांना इतकी चीड की बसचं तिकीट काढायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी कंडक्टरला शोधत फिरणारा हा माणूस. त्यांनी दोन्ही एक्स्चेंजमधला फरक दुकानदारांना नीट समजावून सांगितला. दुकानदार सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “सर, तुमचा साधेपणा अख्ख्या पेठेला माहीत आहे.” वडील वर आले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, “मी जे आहे ते सांगितलं. लोकांच्या कानांचं मी काय करू?”

मग रांगच लागली. कुणाचा फोन मुका झालेला, कुणाच्या फोनवर सारखे एका दवाखान्याचे पेशंट येत. समोरच्या निवृत्त हेडक्लार्कांची तक्रार होती की परगावच्या मुलाला ट्रंक कॉल लावला की अर्ध्यातच शेजारच्या लाइनवरचं भांडण ऐकू येतं. भांडण कशावरून होतं, हेही त्यांनी मला तपशिलात सांगितलं. सुरुवातीला मी प्रत्येकाला खरं सांगत असे. कुणाचाही विश्वास बसेना. उलट मी चिडले की त्यांची खात्री पटे, कारण टेलिफोनवाले असेच तुसडे असतात. शेवटी मी निराळा रस्ता धरला. आधी ऐकून घ्यायचं, पाणी विचारायचं, आणि अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगायचं. त्यासाठी मी खरोखर जाऊन खिडक्या बघून आले. मला तरी दुसरा काय उद्योग होता?

आणि मग कॉल आला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजने माझं नाव पाठवलं होतं ते टेलिफोन एक्स्चेंजकडे, ऑपरेटरच्या जागेसाठी. पत्र हातात घेऊन मी हसत सुटले. वडिलांना मात्र हसू आलं नाही. “एका जागेला किती मुली येतात माहीत आहे ना?” एवढंच म्हणाले. मुलाखतीच्या दिवशी माझ्या ठेवणीतल्या पातळाला इस्त्री त्यांनीच केली.

मुलाखतीला समोर तीन अधिकारी होते. मधल्या बाईंनी विचारलं, “समजा, एक गृहस्थ ओरडताहेत. अर्ज करून वर्षं झाली, फोन मिळत नाही. तुम्ही काय बोलाल?”

मी विचारच केला नाही. दुकानदार समोर बसल्यासारखं बोलून गेले, “काका, तुमचं चिडणं बरोबर आहे. यादी माझ्या हातात नाही, पण चौकशी कुठल्या खिडकीवर होते ते सांगते. आधी पाणी घेता का?”

तिघंही हसले. बाई म्हणाल्या, “फोनवरून पाणी कसं देणार?”

“देता येत नाही. पण विचारलं की माणूस क्षणभर गप्प होतो.”

माझी निवड झाली. वडील पेढे घेऊन आले आणि ते वाटायला पुडा हातात घेऊन स्वतः खाली उतरले. मी जिन्यातच उभी होते. दुकानदारांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, “काय सर, ताईंना बढती वाटतं?”  बिचाऱ्या वडिलांच्या चेहऱ्यावर दोन्ही एक्स्चेंज पहिल्यापासून समजावण्याची तयारी दिसत होती. मग त्यांनी पुडा पुढे केला आणि म्हणाले, “हो. आणखी एक घ्या.” मला त्या क्षणी ते इतके आवडले की सांगता येत नाही.

पण निवड म्हणजे नोकरी नव्हे. आधी ट्रेनिंग, आणि शेवटी चालू बोर्डावर परीक्षा. नापास झालात की घरी, आणि नाव पुन्हा यादीच्या तळाशी. ट्रेनिंगमध्ये बोर्ड आला, फोन आला की पेटणारे दिवे आले, कुठली दोरी कुठल्या भोकात ते आलं. अवघड गेलं ते तोंड. शिकवणाऱ्या बाई सरावासाठी गिऱ्हाईक व्हायच्या. “कॉलला किती वेळ लागेल?” त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, “मला भविष्य कळत असतं तर मी इथे बसले असते का?” बाईंनी डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “हे पेठेत बोला. इथे ‘प्रयत्न करते’ एवढंच.” आठवडाभर मी घरीदारी “प्रयत्न करते” म्हणत होते. आत्या म्हणाली, आजारी आहेस का?

आणखी एक नियम होता, आणि बाई तो रोज सांगायच्या. दोन्हीकडची माणसं बोलू लागली की आपली ऐकण्याची कळ बंद करायची. मग एक शब्दही ऐकायचा नाही. “या खुर्चीत बसून ज्यांना कान आवरत नाहीत, त्यांना मी परत पाठवते,” असं त्या स्वच्छ सांगत.

परीक्षेच्या दिवशी बाई माझ्या शेजारी दुसरा हेडफोन लावून बसल्या.  पहिलाच दिवा पेटला. मी दोरी जोडली. “ट्रंक बुकिंग.”

“कात्रजवरनं बोलतोय, डेअरीतनं,” पलीकडचा आवाज म्हणाला. “नगरला लावायचाय. माज्या पोरीला. तिच्या मामाच्या दुकानात फोन हाय.” त्यांनी नंबर सांगितला.

“अर्जंट की ऑर्डिनरी?”

“त्ये तुमी बगा. सकाळी तिची नोकरीची मुलाखत हुती. काय झालं त्येवडं इचारायचंय. दोन वर्सं झाली बगा नाव घालून.”

 शेजारी बाई माझ्याकडे बघत होत्या. मी कशीबशी म्हणाले, “प्रयत्न करते.”

“नव्या हाय का तुमी?” त्यांनी विचारलं. “घाबरू नका. लागंल तवा लावा. मी हाय हितंच.”

नगरची लाइन मिळायला वेळ लागला. मी मिळेपर्यंत सोडली नाही. मग कात्रजला घंटी दिली, नगरला दिली, आणि पलीकडे कुणीतरी रिसीव्हर हिसकावून घेतल्यासारखा आवाज झाला.

“हॅलो, आबा?”

“बोल गं पोरी. काय झालं?”

ती मुलगी श्वास घेत होती. एवढं मला ऐकू आलं. माझं बोट कळीवर होतं. जगात त्या वेळी मला फक्त एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे तिचं पुढचं वाक्य. बाई माझ्या बोटाकडे बघत होत्या. मी कळ बंद केली.

बाईंनी कागदावर खूण केली, हेडफोन उतरवला आणि म्हणाल्या, “सोमवारपासून सकाळच्या ड्यूटीला या.” मग माझ्याकडे बघून आपला रुमाल पुढे केला. मी डोळे पुसत होते आणि हसत होते, दोन्ही एकदमच.

माझा भाऊ पुढे डिप्लोमा झाला, त्याचे पंप आता कुठे कुठे चालतात. मी त्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसले आणि हजारो माणसं जोडून दिली. कात्रजच्या त्या आबांच्या मुलीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. तिला नोकरी लागली, असं मी धरून चालले आहे.