दुसरा हूक

त्या रविवारच्या सिनेमाचं तिसरं तिकीट खरं तर माझ्या नवऱ्याचं होतं. तो मालगाडीचा गार्ड आहे. सकाळी नऊच्या सुमारास चरोद्याच्या रेल्वे यार्डातून फोन आला की दुपारी गाडी घेऊन निघायचंय, आणि त्याने डबा भरायला सांगितला. अकरावीतल्या आमच्या मुलीचं तोंड उतरलं. पहिला भाग आला तेव्हा ती सातवीत होती, आणि तेव्हापासून ती दुसऱ्या भागाची वाट पाहत होती. बापलेकीने मिळून टीझर किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही.

माझे बाबा तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडे, भिलाईजवळच्या पद्मनाभपुरात राहतात. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "बाबा, तुम्ही येता का पिक्चरले?"

"कोणता आहे?"

"तो मशीनवाला. दुसरा भाग."

"पहिला तर मी पाह्यलाच नाही."

मुलगी आतून म्हणाली, "आबाजी, मैं गाड़ी में बता दूँगी ना पूरा."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. "येतो मग," म्हणाले आणि दाढी करायला गेले. मला आश्चर्यच वाटलं. थिएटरात जाऊन त्यांना पंधरा वर्षं तरी झाली असतील. मारामारीचा आवाज त्यांना सोसत नाही. घरी टीव्हीसुद्धा ते हळू लावायला सांगतात.

बाबा भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. पोलाद जिथे वितळवतात त्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात. लहानपणी शाळेत कोणी विचारलं तर मी "माझे बाबा क्रेन ऑपरेटर आहेत" असं सांगायची, आणि माझ्या डोळ्यांसमोर रस्त्यावर बंद पडलेले ट्रक उचलणारी पिवळी गाडी यायची. घरी त्यांनी कधी काही सांगितलं नाही. शिफ्टहून यायचे, आंघोळ करायचे, जेवायचे, झोपायचे. आई म्हणायची, "बाबाले झोपू द्या." आमच्या बालपणातलं त्यांच्याविषयीचं मुख्य वाक्य हेच.

गाडीत मुलीने पहिल्या भागाची गोष्ट सांगितली. एका शास्त्रज्ञाने विचार करणारं यंत्र बनवलं, ते उलटलं, आणि जगाला वाचवण्यासाठी नायक आपल्या यानासकट त्याच्यावर जाऊन आदळला. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तो मेला."

"हाँ. मर गया था."

"मग आता कोण आहे?"

"वोही है, आबाजी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी चालवत राहिले.

हॉल भरलेला होता. पुढच्या रांगांत कॉलेजची पोरं, मधे आमच्यासारखी कुटुंबं, मागे जोडपी. नायकाचं पहिलं पाऊल पडद्यावर दिसलं, नुसतं पाऊल, तरी शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. चेहरा दिसला तेव्हा पोरं उभी राहिली. आता तो अर्धा माणूस आणि अर्धा धातू झाला होता. तो का वाचला हे एका शास्त्रज्ञ बाईने एका वाक्यात सांगितलं आणि ते वाक्य टाळ्यांत बुडालं. मी नेहरू नगरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, त्यामुळे अशा वाक्यांकडे माझा कान असतो. पण खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायचं नव्हतं. तो परत आला होता हे पुरेसं होतं. शेजारी मुलगी दोन्ही हात गालांवर धरून बसली होती.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. आवाज वाढला की डोळे थोडे बारीक करायचे, बाकी काही नाही. मला वाटलं, हे फक्त नातीसाठी बसलेत.

मध्यंतरात त्यांच्यासाठी चहा आणला. कागदी कपातला चहा त्यांनी फुंकून प्यायला.

"कसा वाटून राह्यला?" मी विचारलं.

"हिरो बरा आहे. पण मारता मारता बोलते लय."

मुलगी हसली आणि तिने ते लगेच बाबांना, म्हणजे तिच्या बाबांना, मेसेज करून कळवलं.

मध्यंतरानंतर गोष्ट एका पोलादाच्या कारखान्यात गेली. त्या दुष्ट यंत्राला धातूचे सैनिक ओतायचे असतात, म्हणून त्याने एक अख्खा प्लांट ताब्यात घेतलेला. पडद्यावर भट्टी पेटली, वितळलेलं पोलाद लाल उजेड टाकत बादलीत पडलं. बादली म्हणजे घराएवढी; आमच्याकडे तिला सगळे लेडलच म्हणतात. आणि नायिका ओढणी उडवत तिच्या अगदी कडेने धावत गेली.

पुढून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "मैडम, हेलमेट."

हॉल हसला. मग नायक आला, उघड्या छातीने, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "सेफ्टी शूज कहाँ है भाई के?" आणखी हशा. त्यानंतर हॉल सुटलाच. एका सैनिकाने पाण्याचा पाइप फोडला आणि पाणी लेडलकडे वाहायला लागलं, तेव्हा कितीतरी आवाज एकदम आले, "अबे पानी नहीं, पानी नहीं." हे मात्र नुसती थट्टा म्हणून नव्हतं, वितळलेल्या पोलादाखाली पाणी गेलं की स्फोट होतो, त्यामुळे त्यात खरी काळजीही होती. त्या हॉलमधल्या दर दुसऱ्या माणसाच्या घरात कोणी ना कोणी प्लांटमध्ये होतं, नाहीतर असून गेलेलं होतं. कोणाला हे जेवताना ऐकून माहीत होतं, कोणाला स्वतःच्या अंगावरून. सिनेमा बनवणाऱ्यांनी ही जागा श्वास रोखायला लावण्यासाठी ठेवली असणार. भिलाईत ती सगळ्यात जास्त हसण्याची झाली.

मी हसत हसत बाबांकडे वळले आणि थांबले. ते हसत नव्हते. पुढे झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होते. खाली नायक लढत होता. वर, छताखालच्या रुळांवरून, क्रेन येत होती. दोन मोठे हूक लेडलच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांकडे उतरत होते.

बाबा स्वतःशीच म्हणाले, "दुसरा हूक लागला नाही."

आणि त्याच क्षणी आमच्या मागच्या रांगेतून एक जाड आवाज आला, "दूसरा हुक नहीं लगा."

बाबा खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले. अंधारात मला मागचा माणूस नीट दिसला नाही. साठीचा असावा, शेजारी त्याची बायको. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पडद्यावर लेडल एकाच हुकावर वर उचललं गेलं आणि सरळ, आरामात तरंगत निघालं.

"गिरना चाहिए था," मागचा माणूस म्हणाला.

"बिल्कुल," बाबा म्हणाले.

मग क्रेनची केबिन जवळून दाखवली, आणि ती रिकामी होती. नायकाने मनगटावरचं काहीतरी दाबलं होतं आणि क्रेन आपोआप चालली होती. लेडल बरोबर यंत्राच्या डोक्यावर आलं, उलटलं, यंत्र वितळलं, पोरं खुर्च्यांवर चढली. माझी मुलगी घसा बसेपर्यंत ओरडली. त्या गोंगाटात बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वर माणूस नाही ठेवला त्यांनी." तक्रारीच्या सुरात नाही, भाजीत मीठ नाही हे सांगावं तसं.

सिनेमा संपल्यावर आम्ही बाहेर आलो तेव्हा मागचा माणूस लॉबीत थांबलेलाच होता. त्याने बाबांना नमस्कार केला.

"ऊपर थे आप?"

"ऊपर. आप?"

"नीचे. सिग्नल देता था. दूसरे शॉप में."

एवढ्यावर त्यांची ओळख पूर्ण झाली. नावं त्यांनी विचारली की नाही, मला आठवत नाही. तो माणूस त्याच्या बायकोला, मला आणि माझ्या मुलीला, असं आम्हा तिघींना मिळून सांगू लागला, "क्रेन वाले को हम चेहरे से पहचानते ही नहीं थे. इतना ऊपर, काँच के पीछे, काँच पे धूल. सिर्फ़ उसका हाथ दिखता था. और उसको हमारा हाथ."

आणि त्याने हात वर केला. एक बोट आकाशाकडे करून छोटं वर्तुळ काढलं. बाबांनी, पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारी उभ्या असलेल्या माझ्या बाबांनी, दोन्ही हात पोटासमोर धरून अदृश्य हँडल किंचित मागे घेतलं. त्याने पंजा आडवा केला. बाबांचे हात जागच्या जागी थांबले. मग बोट खाली. बाबांचे हात पुढे, अगदी हळू, दाणा दाणा सरकावा तसे. लोक आमच्या बाजूने वाट काढून जात होते. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते फार मजेत होते हे कळत होतं. त्या माणसाची बायको मला म्हणाली, "घर में सब्ज़ी लाने को बोलो तो भी ऐसे ही इशारा करते हैं."

मुलीने विचारलं, "आबाजी, सच में दूसरा हुक नहीं लगा तो क्या होता है?"

बाबा मराठीतच म्हणाले, "एकदा झालं होतं तसं. खालच्याले वाटलं लागला, त्यानं हात वर केला. पण मले हुकाची सावली बरोबर नाही वाटली. मी वीतभरच उचललं अन् थांबलो. खाली सगळे ओरडून राह्यले, काहून थांबला, काहून थांबला. मी पुन्हा खाली ठेवलं."

"फिर?"

"मग काही नाही. हूक सोडला, परत लावला, अन् नेलं."

"खाली किती लोक होते, बाबा?" मी विचारलं.

"होते की. नेहमी राहतात तितके."

"तुम्ही आम्हाले कधी सांगितलं नाही हे."

ते माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाले, "काही झालंच नाही, तर सांगाचं काय?"

सिग्नलवाल्या माणसाने मान हलवली. त्याला ते बरोबर वाटलं. दोरीतला ताण, टांगलेलं वजन, दोन आधारांत वाटलेला भार, ही गणितं मी कित्येक वर्षं फळ्यावर सोडवतेय. दोन रेघा, एक चौकोन, खाली बाण. त्या चौकोनाच्या वर एक माणूस बसलेला असतो आणि तो माझ्याच घरात वर्तमानपत्र वाचतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. वाईट नाही वाटलं. उलट आत काहीतरी जागेवर बसल्यासारखं झालं, आणि घरी येताना मी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली.

मुलगी मागच्या सीटवर बाबांकडून सिग्नल शिकत होती. मधेच तिने विचारलं, "आबाजी, पिक्चर आवडला का नाही?" ती घरातसुद्धा मराठी क्वचित बोलते.

"आवडला ना," बाबा म्हणाले. "कारखाना खोटा होता. पण पोरं खुश होती."

मला वाटलं, विषय इथेच संपला. पण पुढच्या बुधवारी ते दुपारी नीट कपडे करून निघाले. सकाळी फिरायला येणारे त्यांचे सहा-सात सोबती, सगळे प्लांटमधून निवृत्त, त्यांना घेऊन ते तोच सिनेमा पुन्हा पाहायला चालले होते. मित्रांना हूक दाखवायचा होता.

संध्याकाळी परत आले तेव्हा मी खिचडी टाकत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल ओढून बसले आणि मी न विचारता सांगू लागले. अर्धा सिनेमा दोघं जण झोपले होते. कारखाना आल्यावर त्यांना हलवून उठवलं. भट्टीचा रंग बरोबर आहे की नाही यावरून दोघांत वाद झाला, तो इतका की टॉर्चवाला येऊन "अंकल, धीरे" म्हणून गेला. पुढची पोरं मात्र मागे वळून त्यांचंच ऐकत होती.

"अन् हूक?" मी विचारलं.

"सगळ्यायले दिसला. मले सांगावंच लागलं नाही." त्यांनी ताटली घेतली. "पुढच्या भागात केबिनमंदी माणूस ठेवला पाहिजे, असं आमचं ठरलं. कोणाले कळवाचं, ते ठरलं नाही."

मी त्यांना खिचडी वाढली. त्यांनी वर तेल मागून घेतलं आणि भट्टीचा रंग नेमका कसा असतो ते सांगत जेवू लागले.