सशांची लस आणि गोंदियाची बातमी

प्लेटमधला रंग बघून प्राचार्य खूश झाले आणि माझं डोकं फिरलं. लस टोचलेल्या सशांचे खण पिवळे झाले होते, ते ठीक. पण ज्यांना खरी लस दिलीच नव्हती त्या कंट्रोल सशांचे खणही तितकेच पिवळे होते.

मी पशुवैद्य. गोंदियातल्या एका कॉलेजचं अ‍ॅनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा, सांभाळत होते. बाहेरच्या एका लॅबने एचआयव्हीच्या पेप्टाइड लसीचं काम आमच्याकडे दिलं होतं. पेप्टाइड म्हणजे विषाणूच्या प्रोटीनचा छोटासा तुकडा, लॅबमध्ये बनवलेला. त्यातून रोग होत नाही. मात्र तो इतका लहान असतो की शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो एका मोठ्या प्रोटीनला, म्हणजे कॅरिअरला, जोडून टोचतात. कंट्रोलच्या सशांना नुसतं कॅरिअर दिलं होतं.

नंतर सशाच्या कानातून रक्त काढायचं आणि एलायझा टेस्ट करायची. प्लेटच्या खणात लसीतला पदार्थ चिकटवायचा, वर सशाचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, टाकायचं. त्याविरुद्ध अँटिबॉडी असतील तर रंग येतो. लॅबने प्लेटसाठी जो माल पाठवला तोही कॅरिअर जोडलेलाच होता. म्हणजे ससे कॅरिअरला ओळखत होते की पेप्टाइडला, हे कळायला मार्गच नव्हता.

"सर, ही टेस्ट धरता येणार नाही," मी म्हटलं. "नुसतं पेप्टाइड मागवून परत करावी लागेल."

"मॅडम, रंग आया ना?"

"कंट्रोललाही आला."

"तो कंट्रोल का छोड दो."

कंट्रोल सोडायचा तर प्रयोग कशाला करायचा, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान हलवली. त्याच आठवड्यात एका पेपरात त्यांच्या फोटोसह छापून आलं: गोंदियात एड्सवर लस तयार.

मग फोन सुरू झाले. अभिनंदनाचे होते तोवर मी दात ओठ खाऊन गप्प बसले. एक दिवस कोहमाऱ्याकडचं एक जोडपं थेट अ‍ॅनिमल हाऊसच्या दारात आलं. नवरा ट्रक चालवायचा. अंगातला शर्ट त्याला फार मोठा होत होता. बायकोनेच बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, हे एड्सच्या गोळ्या खाऊन नाही राहिले. पेपरात आल्यापासून बंद केल्या."

"काऊन?" मी त्याला विचारलं.

"सुई निघाली ना जी. गोळ्यांनं मळमळते. मनलं, आता सुईच घेऊ."

"दादा, लस निघालेली नाही. आणि निघाली तरी ती आजार होऊ नये म्हणून असते. झालेला आजार तिनं जात नाही. आम्ही फक्त सशांना टोचलंय."

"सशे बरे झाले का?"

"सशांना हा आजार होतच नाही."

"मंग सशाले सुई कायले टोचली?"

शरीर त्या तुकड्याला ओळखतं का, एवढंच बघायला, असं मी सांगितलं. तेही अजून कळलेलं नाही, हेही सांगितलं. मला त्या दोघांचा नाही, त्या फोटोचा राग आला.

"माझ्या साहेबांसमोर येता का? नको असेल तर राहू द्या," मी विचारलं. तो म्हणाला, "चला."

प्राचार्यांनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "अभी थोडा टाइम लगेगा भैया," ते म्हणाले.

"सर, टाइम नाही. हे गोळ्या सोडून बसलेत. त्यांना काय ते स्पष्ट सांगा."

त्यांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दवाई बंद मत करो. हमारे पास कुछ नहीं है." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी नागपूरच्या दवाखान्यात फोन लावला आणि दुसऱ्याच दिवशी दोघांना तिकडे पाठवलं. मध्ये गोळ्या सुटल्यामुळे त्याला ताप आला, भरती व्हावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी मळमळीसाठी औषध बदलून दिलं. वाचला. पण पुन्हा ट्रकवर बसायला त्याला फार दिवस लागले, असं बायकोने नंतर फोनवर सांगितलं.

नुसतं पेप्टाइड भांडून मागवलं. नव्या प्लेटमध्ये कंट्रोलचे खण कोरे राहिले. लसवाल्यांचे जेमतेम पिवळसर. ससे कॅरिअरला ओळखत होते, पेप्टाइडला जवळजवळ नाही. लॅबने ते पेप्टाइड बाद केलं आणि काम बंद झालं. पेपराने खुलासाही छापला, आतल्या पानावर, खतांच्या जाहिरातीखाली. तो खुलासा वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

टेस्ट चुकली तर दुसरी प्लेट लावता येते. छापून आलेल्या बातमीचं तसं नसतं.