औषध मोडेना

प्लेटमध्ये पुन्हा गोल दिसला आणि संगीतामॅडम स्टुलावर बसूनच राहिल्या.

"ताराबाई, बाटल्या बराबर धुतल्या होत्या ना?"

"व्हय मॅडम."

मला जास्त बोलता येत नाही. बाटल्या उचलल्या आणि पुन्हा धुवायला गेले.

हिंगोलीच्या कॉलेजात, लॅबमधलं काचसामान धुण्याचं काम माझं. मॅडम तिथे पीएचडी करत होत्या. माणसं आणि जनावरं अँटिबायोटिक खातात. त्यातलं बरंचसं लघवीवाटे नाल्यात जातं. पाण्यात थोडं थोडं औषध राहिलं की तिथल्या जंतूंना त्याची सवय होते. मग लेकरू आजारी पडलं की तेच औषध लागू पडत नाही. म्हणून मॅडम पाण्यातलं औषध अल्ट्राव्हायोलेट दिव्याने मोडत होत्या. झाकणाची पेटी, आत काचेची लांब ट्यूब, तोच दिवा, खाली पाण्याची बशी. दिवा निळा दिसतो, पण खरं काम करणारा उजेड डोळ्याला दिसतच नाही. उघड्या डोळ्यांनी बघायचंही नाही, डोळ्यांना इजा होते.

औषध मोडलं की नाही, ते जंतूच सांगतात. प्लेटमध्ये खळीसारखा थर असतो. त्यावर जंतू पसरायचे, मधे दिव्याखाली ठेवलेल्या पाण्याचा थेंब सोडायचा. औषध शाबूत असेल तर थेंबाभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल पडतो. मोडलं असेल तर जंतू सगळीकडे वाढतात. म्हणजे आमच्याकडे घाण प्लेट पास, गोलवाली नापास.

श्रावणात सगळ्या प्लेटा पास होत होत्या. दसऱ्यानंतर एकही होईना. आणि सोमवारी विद्यापीठातून सर येणार होते. दिवा त्यांच्याकडूनच उसना आणलेला. काम दिसलं नाही तर दिवा परत जाणार आणि मॅडमचं संशोधन अर्ध्यावर थांबणार.

मॅडमनी पाणी बदललं. पाण्यात मिसळायच्या औषधाची नवी बाटली फोडली. विजेचा दाब कमी पडत असेल म्हणून स्टॅबिलायझर लावला. गोल काही जाईना.

शनिवारी पेटी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू होती. मॅडम एकदम नाक वर करून म्हणाल्या, "डबा गरम करून राहिल्या का ताराबाई?"

"न्हाई मॅडम."

"मग फोडणी कुठे जळून राहिली?"

दोघी वास काढत निघालो. वास पेटीतून येत होता. मॅडमनी दिवा बंद केला, गार होऊ दिला आणि झाकण उघडलं. ट्यूब चकचकीत होती. तरी त्यांनी स्पिरिटचा कापूस फिरवला. कापूस पिवळा झाला.

"किसनभाऊ!"

किसनभाऊ आमचे लॅब असिस्टंट. खंडेनवमीला त्यांनीच सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. आमच्या घरात पूजा नसते, त्यामुळे त्या दिवशी मी बाहेर ओट्यावर होते.

"या ट्यूबला काय लावलं तुम्ही?"

"हळद-कुंकू. तेलात कालवलं, म्हणजे चिकटून राहतं."

"काचेवर?"

"मंग काय झाकणाला लावू? काम तर ती करती! आन् नंतर पुसलं बी, माझ्या रुमालानं. बघा कशी चमकून राहिली."

"चमकून राहिली, पण उजेड बाहेर येईना! पुसता पुसता सगळ्या काचेला तेल फासलं तुम्ही."

किसनभाऊंचं तोंड उतरलं. "मॅडम, बाकीच्या यंत्रांना पाच बोटं ओढली, हिला सात. म्हटलं तुमची पीएचडी लवकर होऊ दे."

मॅडमना हसू आवरेना. मीही पदर तोंडाला लावला.

कापूस पांढरा निघेपर्यंत मॅडमनी ट्यूब पुसली. मग पाणी पुन्हा दिव्याखाली ठेवलं आणि नवी प्लेट लावली.

सोमवारी सरांनी प्लेट खिडकीकडे धरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत जंतूंची मळकट पांढरी साय. गोल नाही.

"दिवा इथेच राहू द्या," सर म्हणाले.

किसनभाऊ माझ्या कानाशी आले. "इतकी घाण बघून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

त्या दिवसापासून ट्यूब फक्त मॅडम पुसतात, तीही स्पिरिटने. काच आपल्या डोळ्याला स्वच्छ दिसली, म्हणजे न दिसणाऱ्या उजेडालाही ती स्वच्छ असते असं नाही.