सुहास चौगले, वय तेवीस, राहणार उचगाव

“आण त्याला! उद्या अकराच्या आत इथं, या खुर्चीत आणून बसव. नाहीतर जर्नलवर माझी सही विसर.”

मॅडमचा आवाज प्रयोगशाळेच्या खिडकीतून निघाला तो थेट पन्हाळ्यावर जाऊन आपटला असणार. टेबलावरचं स्टॉपवॉच आपोआप थांबलं... बरं, थांबलं नसेल. पण वर्गातली बावीस पोरंपोरी माना खाली घालून हसत होती, एवढं खरं.

आधीच सांगतो, मी थापाड्या माणूस. दहा वाक्यं बोललो तर सहा पदरची असतात. पण भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. एम.ए. मानसशास्त्र करतोय राव — कुणी म्हणालं ‘मला बाई दिसली’ की आम्ही आधी झोप किती झाली ते विचारतो. ओळखीतलं कुणी ही गोष्ट खरी मानणार नाही, म्हणून इथं लिहितोय. तुम्ही निदान अनोळखी आहात.

तर भानगड अशी. आमच्या प्रॅक्टिकलला ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला ‘प्रयुज्य’ म्हणतात. आज तू माझा प्रयुज्य, उद्या मी तुझा, अशा जोड्या लागतात. आम्ही तेवीस. अकरा जोड्या लागल्या, उरला मी. अख्ख्या विभागात सगळ्यात मोठा आवाज माझा, कॅन्टीनमध्ये किस्सा सुरू केला की चहा उतू जायचा... पण जोडीला कोण म्हटल्यावर सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं. मीही ऐटीत सांगून टाकलं, मला काय, बाहेरचे शंभर प्रयुज्य आहेत.

एकही नव्हता.

मग मी एक तयार केला. सुहास रंगराव चौगले, वय तेवीस, बी.कॉम., राहणार उचगाव. मंगळवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असायची. समोर रिकामी खुर्ची ठेवायचो, नियमाप्रमाणं सूचना मोठ्यानं वाचायचो — आरामात बसा, ही तुमच्या बुद्धीची परीक्षा नाही, प्रयोग चालू असताना बोलू नका — आणि आकडे मनानंच भरायचो. सुहासचं पाठांतर चांगलं, हात जरा मंद. हळूहळू सूचना संपल्यावरही मी बोलत राहायला लागलो. माझी खोली शिवाजी पेठेत. खाली तालीम, गल्लीत फुटबॉलवाली पोरं, दिवसभर कल्ला... आणि त्या कल्ल्यात माझ्याशी बोलणारं कुणी नाही, हे कुणाला सांगणार? खुर्चीला सांगितलं. सहा मंगळवार.

मॅडमना संशय आला तो अंतर्निरीक्षणामुळं. प्रयोग झाला की प्रयुज्यानं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहायच्या असतात, मनात काय आलं ते. त्या सगळ्या माझ्या अक्षरात! शिवाय आरशाच्या प्रयोगाचा कागदच नव्हता. त्यात हात झाकून, फक्त आरशात बघून चांदणी गिरवायची असते. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की शिक्षण बंद करून गावी यायचं, हे आमच्या अण्णांनी आधीच बजावलेलं.

त्या संध्याकाळी मी तोतया सुहास शोधायला लागलो. मोबाईलमध्ये सहाशे नंबर. मेसमधला दत्ता म्हणाला, ह्यो तुझा नवा किस्सा असणार, मला बकरा करतोस व्हय? तालमीतल्या पोरांची दुसऱ्या दिवशी मॅच. बाकीच्यांपैकी निम्म्यांनी फोन उचलला नाही, निम्म्यांनी ‘कोण?’ म्हणून विचारलं. सहाशे माणसांत माझ्यासाठी तासभर खुर्चीत बसेल असं एकही नाही... ही मात्र थाप नव्हे.

सकाळी सगळं कबूल करायचं ठरवलं. पाय निघेनात, पोचायला साडेअकरा झाले. मी तोंड उघडायच्या आत मॅडमनी जर्नल पुढं सरकवलं. सही केलेली.

“चांगला मुलगा आहे,” त्या म्हणाल्या. “अकराच्या आधीच येऊन बसला होता. कमी बोलतो. तू का नाही आलास बरोबर?”

मी जर्नल उघडलं.

जर्नलमध्ये चांदणीचा कागद लावलेला होता. रेघ वेडीवाकडी, पहिल्यांदाच करणाऱ्याची असते तशी. खाली बारीक, उजवीकडं कललेल्या अक्षरात चार ओळी. अक्षर माझं नव्हे.

‘आरशात हात उलटा जातो, त्याची गंमत वाटली. जेवणाच्या सुट्टीत फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलत असल्याचे नाटक करतो, असे प्रयोगकर्त्याने तिसऱ्या प्रयोगाच्या वेळी सांगितले. तेव्हा त्याच्याशी बोलावेसे वाटले. पण बोलू नये अशी सूचना होती.’

ते फोनचं मी जिवंत माणसाला सांगितलेलं नाही. आत्ता तुम्हालाच सांगतोय.

मी उचगाव पालथं घातलं. तीन रंगराव चौगले भेटले, चहा पाजला, पण सुहास एकाचाही नाही. वर्गातल्या कुणी चेष्टा केली म्हणावं, तर खुर्चीपुढं मी काय बोललो ते त्यांना कुठून कळणार? मला भास झाला म्हणावं, तर त्याला बघितलं मॅडमनी, मी नाही. दोन वर्षं माणसाच्या मनाची पुस्तकं वाचली, एकाही पानावर याचं उत्तर नाही. थाप असती तर उत्तरही मीच जोडून दिलं असतं.

तो जाताना त्याच्याशी एकच माणूस बोललं होतं, प्रयोगशाळेचे शिपाई, आमचे मामा. त्यांना विचारायचा धीर मला महिन्याभरानं झाला. मामा टेबल पुसत होते. म्हटलं, मामा, त्या दिवशी तो पोरगा जाताना काय म्हणाला?

“पुढच्या मंगळवारी येऊ का म्हणून इचारत हुता. म्हटलं, प्रॅक्टिकल संपली, आता येऊ नकोस.”