सकाळच्या पिशव्या

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या त्या हिमनदीवर प्रत्येकाला स्वतःची विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. आम्हा तिघांच्या सामानाची यादी मी केली होती. विष्ठा हा शब्द लिहायला नको, म्हणून लिहिलं, 'सकाळच्या पिशव्या, प्रत्येकी चार'.

शिखर चढायच्या आदल्या दुपारी तंबूजवळ पाण्यासाठी बर्फ खणताना फावड्याला जे लागलं, ते पाहून मी जागीच ओकले. त्याच खड्ड्यातल्या बर्फाचा चहा आम्ही नुकताच प्यायलो होतो.

"कुणी केलं हे?" नवरा ओरडला.

सांता क्लाराहून आलेला आमचा मित्र पुटपुटला, "सॉरी यार, मी. माझ्याकडे पिशव्याच नाहीत."

"यादीत होत्या की!" मी म्हटलं.

"सकाळच्या म्हणजे ब्रेकफास्टच्या ना? मी उपम्याच्या चार आणल्या."

वीस वर्षं डोंगर चढलेला माणूस! हिमनदीवर पहिल्यांदा आला असला, तरी विचारायला काय झालं होतं? माझ्या पिशवीत त्याला ते सगळं भरायला लावलं. मग लांबून स्वच्छ बर्फ आणून वितळवला, पण घोट घेतला की मला ओकारी येई. त्या उंचीवर पाणी न पिता चढणं म्हणजे मरण. दोन वर्षं तयारी केलेलं शिखर समोर दिसत असताना मी तंबू गुंडाळायला घेतला.